सायकलस्वाराचा साक्षीदार



सायकलच्या फेरीचे चित्रण करावयास कॅमेरा कोणता घ्यावा, हा विषय वरकरणी छंदाचा वाटेल. परंतु दुकानाची पायरी चढण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे : मला आठवण हवी आहे, की साक्षीदार? घाटातला पाऊस घरच्यांना दाखवावयाचा असेल, तर निवड एक. मागून मोटारीने धडक दिली आणि आपण बोलण्याच्या स्थितीत उरलो नाही, तर आपल्या वतीने बोलणारे कोणी हवे असेल, तर निवड अगदी निराळी.

२००४ साली आलेला पहिला गोप्रो लाटांवर खेळणाऱ्यांच्या मनगटासाठी होता आणि तो फिल्मवर चाले. त्याच्या वंशातले कॅमेरे विस्तीर्ण देखावा टिपतात, हादरे गिळतात. आठवणीसाठी ते उत्तम. पुढे ऑस्ट्रेलियातील सायक्लिक कंपनीने सायकलच्या मागच्या दिव्यातच कॅमेरा बसविला. हा साक्षीदाराचा वंश.

साक्षीदाराला गाडीचा क्रमांक वाचता आला पाहिजे. येथे थोडे गणित करू. नव्वद अंशांचे भिंग दहा मीटरवर वीस मीटर रुंदीचा देखावा घेते. चित्र १९२० बिंदू रुंद असेल, तर अर्ध्या मीटरच्या पाटीच्या वाट्याला अठ्ठेचाळीस बिंदू येतात. पाटीवर दहा अक्षरे-अंक. म्हणजे प्रत्येकी जेमतेम पाच बिंदू. वाचणार काय? ‘फोर के’ चित्रात हे बिंदू दुप्पट होतात, आणि गाडी पाच मीटरवर आली की पुन्हा दुप्पट. म्हणून भिंग जितके विस्तीर्ण तितके चांगले, हा समज सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्याहून ताशी ३६ किलोमीटर अधिक वेगाने येणारी गाडी सेकंदाला दहा मीटर जवळ येते. झडप सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात गाडी वीस सेंटिमीटर सरकते. पाचशेवा भाग राहिली, तर दोनच. संध्याकाळी कॅमेरा झडप अधिक वेळ उघडी ठेवतो आणि क्रमांक फासला जातो. तेव्हा दुपारचे नमुने पाहून भुलू नका. तिन्हीसांजेचे चित्रण मागून पाहा.

तिसरी गोष्ट साठवणीची. सेकंदाला तीस मेगाबिट या हिशेबाने तासाला साडेतेरा जीबी लागतात. ६४ जीबीचे कार्ड सुमारे पावणेपाच तासांत भरते. म्हणून जुने पुसून नवे लिहिण्याची सोय हवीच. पण तीच सोय घातकही आहे : प्रसंग घडताच चित्रण थांबवून कार्ड काढून ठेवावे, नाहीतर साक्षीदार स्वतःची साक्ष स्वतःच पुसून टाकील.

न्यायालयाचे म्हणाल, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावा, मूळ चित्रणात कापाकापी करू नका.

शेवटी एवढेच, की साक्षीदार धडक पाहतो, ती अडवीत नाही. अडविण्याचे काम ब्रेक, दिवे आणि मोटार हाकणाऱ्याची सद्बुद्धी यांचे. यांतली पहिली दोन आपल्या हाती आहेत. पैसे आधी त्यांवर खर्च करा. उरतील त्यांतून कॅमेरा घ्या, आणि त्याची साक्ष काढण्याची वेळ कोणावरही न येवो, अशी इच्छा करून मी आपली रजा घेतो.