प्राथमिक शाळेची विज्ञानसहल



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, राजकारण यांची वर्णी नेहमीच लागते. प्राथमिक शाळेतील मुलांच्या सहलीसारखा विषय येथे क्वचितच येतो. तो चालकांनी आमच्याकडे सोपविला, याबद्दल त्यांचे आभार. विषय लहान मुलांचा आहे म्हणून तो लहान आहे असे मात्र कोणी समजू नये. बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर सहलीची तारीख ठरविणे हाच मुळी एक गंभीर सामाजिक निर्णय आहे. तो कसा, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आमच्याकडे शाळेच्या सहली निघतात त्या बहुधा डिसेंबर-जानेवारीत. हवा थंड असते, पाऊस गेलेला असतो, सहामाही परीक्षा आटोपलेली असते. हे सारे खरे. पण त्याच दिवसांत वर्गाचा पट उघडून पाहावा. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांतील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि त्या कोयत्याबरोबर पोरेही गाडीत चढतात. ती परततात पाडव्याला, नाहीतर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. काही मुले हंगामी वसतिगृहामुळे मागे राहतात, काही आजीजवळ राहतात. पण कित्येक शाळांत हिवाळ्यात बाके रिकामी पडतात ती पडतातच. अशा वेळी जी सहल निघते ती शाळेची सहल नव्हे. गावात उरलेल्यांची सहल होय. त्यांतही वर्गणीचे पैसे ज्याच्या बापाकडून निघतात तोच मोटारीत बसतो. मग वेरूळची लेणी पाहून आलेली दहा मुले एका बाजूला आणि न गेलेली तीस दुसऱ्या बाजूला, असा वर्ग घेऊन शिक्षकाने ‘आपण काय पाहिले’ हा निबंध लिहावयास सांगायचा!

आमचे पहिले म्हणणे एवढेच, की विज्ञानाची सहल भाद्रपद-आश्विनात काढावी, पायी काढावी, आणि अर्ध्या कोसापलीकडे नेऊ नये. म्हणजे पट पुरा असतो आणि खर्च शून्य होतो. कोणी म्हणेल, ही तर गरिबीची तडजोड झाली. तसे मुळीच नाही. विज्ञानाच्या दृष्टीनेही हाच काळ सर्वोत्तम आहे. ओढे वाहते असतात, विहिरींना पाणी असते, पिके उभी असतात, किडे-पाखरे यांची नुसती जत्रा भरलेली असते. पौषातल्या माळावर दाखवायचे तरी काय?

पाहायचे काय, या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या मंडळींची नजर नेहमी जिल्ह्याबाहेर जाते. वस्तुतः एखादी नवी खोदलेली विहीर घ्या. बालाघाटच्या कुशीतल्या बहुतेक गावांत ती सापडेल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, आणि अखेर सुरुंगावाचून न हलणारा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्यांचे पुस्तक आमच्या शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने खोदून उघडे करून ठेवले आहे. मांजऱ्यातली ती बारीक भोके म्हणजे थिजत्या लाव्ह्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या वायूंचे बुडबुडे. त्यांतल्या काहींत पुढे पांढरे स्फटिक भरले. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात का लागते आणि अखंड पाषाणात का लागत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला त्या भोकांवरून आपोआप कळते. सांगायला मात्र मास्तरांनी उभे राहू नये. गावात विहिरी खोदण्यात आयुष्य घालविलेला एखादा म्हातारा असतोच. त्याला फेटा बांधून यायला सांगावे. त्याने आपल्या भाषेत सांगावे, मुलांनी विचारावे, आणि शिक्षकाने त्या दिवशी श्रोता व्हावे. आपला आजा शाळेत तज्ज्ञ म्हणून बोलाविला गेला, हे पाहिलेल्या पोराच्या मनात शाळेविषयी जे काही उत्पन्न होते, ते दुसऱ्या कोणत्याही उपायाने होत नाही.

ओढ्याचेही तसेच. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातले लोहचुंबक कागदात गुंडाळून ओढ्याच्या वाळूतून फिरवले की काळे कण त्याला मिशांसारखे चिकटतात. ते खडकातलेच लोहखनिज. काळी माती आणि माळावरची तांबडसर माती निरनिराळ्या बाटल्यांत पाणी घालून खळखळून हलवाव्यात आणि ओळीने ठेवून द्याव्यात. रेती लगेच तळाशी बसते. काळ्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. ही चिकण माती उन्हाळ्यात का भेगाळते आणि पावसात का फुगते, याची चर्चा त्या बाटलीपाशी सुरू होते. या भेगांत हात घातलेला प्रत्येक मुलगा त्या चर्चेत बोलू शकतो. एरवी न बोलणाराही.

सुगरणीचा खोपा हा आमचा विशेष आवडता विषय, म्हणून जरा रेंगाळतो. विहिरीवरच्या बाभळीला पावसाळ्यात हे खोपे लोंबू लागतात. भाषेने या पाखराला स्त्रीलिंगी नाव दिले आणि सर्व गृहिणींना त्याचा अभिमान वाटला. पण विणकाम करतो तो नर! अर्धा खोपा विणून झाला की मादी येऊन तपासून जाते. पसंत पडला तर पुढचे काम होते, नाहीतर बिचाऱ्याचे घर अर्धेच लोंबत राहते. हे सारे सलीम अली यांनी १९३० साली अलिबागेजवळच्या किहीम येथे तासन्‌तास बसून पाहिले. त्यांच्याजवळ होती ती मुख्यतः चिकाटी आणि एक वही. आमच्या मुलांना चार दिवस शाळा सुटल्यावर अर्धा-अर्धा तास बसवावे. पुरे किती, अर्धे किती, सोडून दिलेले किती, एवढेच मोजू द्यावे. शास्त्रज्ञाचे काम याहून फारसे वेगळे नसते.

आणि घट! आश्विन शुद्ध प्रतिपदेला आमच्या घरोघर मातीत धान्य पेरले जाते आणि नऊ दिवस रोज त्याची वाढ पाहिली जाते. बीज अंकुरण्याचा एवढा मोठा सार्वजनिक प्रयोग जगात इतरत्र होत असेल की नाही कोण जाणे, पण आमच्या शाळा नेमक्या त्याकडे पाठ फिरवितात. देवघरातल्या अंधारात उगवलेले धान पिवळे का, अंगणातले हिरवे का? पूजेत कोठेही व्यत्यय न आणता शाळेत दुसरा घट उजेडात मांडता येतो. त्यासाठीची माती प्रत्येक मुलाने आपल्या शेतातून आणावी. ज्याला शेत नाही त्याने गावठाणातली, पांढरीची आणावी. धान्य उगवायला सातबारा लागत नाही.

हा विचार काही आमच्या डोक्यातून प्रथमच निघालेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच गुरांमागे नेली. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत जो विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात परिभ्रमण हा अभ्यासाचाच भाग होता. मुले शेतात, नाल्यावर जात आणि पाहिलेले वर्गात आणून त्यावर वाद घालीत. तो उपक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. पण तीस वर्षे तो साध्या सरकारी शाळांतून चालला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

आता योजना. सहल फसते ती जागेमुळे फसत नाही, तयारीच्या अभावी फसते. शिक्षकाने आदल्या दिवशी त्याच वेळी एकट्याने ती वाट चालून यावी. सावली कोठे आहे, विहिरीला कठडा आहे की नाही, कोणाचे कुत्रे अंगावर येते, हे सारे त्याला ठाऊक हवे. बिनकठड्याच्या विहिरीपासून दहा पावलांवर दोरी धरून दोन मोठी माणसे उभी करावीत. दोरीपुढे मूल जाणार नाही. एवढी दोन माणसे मिळत नसतील तर विहीर त्या वर्षी सोडून द्यावी आणि ओढ्याची दरड पाहावी. मुलांचे पाच-पाचांचे गट करावेत आणि प्रत्येक गटात एकतरी थोडे मोठे मूल असावे. दोनशिक्षकी शाळेत पहिलीपासूनची सगळीच मुले बरोबर निघतात, ही अडचण समजली जाते. आम्हांला ती सोय वाटते. धाकटी मुले गोळा करतील, मोठी मोजतील.

प्रश्न तीनच न्यावेत आणि ज्यांचे उत्तर पुस्तकात नाही असेच न्यावेत. ‘खडकांचे प्रकार किती’ हा प्रश्न घेऊन विहिरीवर जाणे म्हणजे विहिरीचा अपमान आहे. ‘या विहिरीत काळी माती किती हात आणि मुरूम किती हात’ हा खरा प्रश्न. कारण त्याचे उत्तर पलीकडच्या मळ्यात निराळे येईल आणि मग ते का, असा चौथा प्रश्न मुलेच काढतील. परतल्यावर त्याच दिवशी नोंदी जमिनीवर खडूने मांडाव्यात. दुसऱ्या दिवसावर ढकलले की निम्मे विरून जाते.

मोजण्याविषयी एक सोपे उदाहरण देतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असेल, तर दहा मिलिमीटरच्या एका सरीत सहाशे लिटर पाणी अंगणात वाहून जाते. हे गणित पाचवीच्या मुलाला येते. त्यानंतर त्याला गावचा पाझर तलाव दाखवावा. आमच्याकडचे बरेच तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर, याच मुलांच्या आज्या-पणज्यांनी पाट्या वाहून बांधले आहेत. पाण्याचे गणित या जिल्ह्यात कोरडे राहूच शकत नाही. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले, तेव्हा २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले. कोळशावर चालणारे केंद्र पाण्यावाचून बंद का पडते, हा प्रश्न उकळत्या भांड्याच्या झाकणापासून सुरू करता येतो.

बीड शहरातल्या शाळांना तर खजाना विहीर जवळ आहे. निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीचे पाणी भुयारी मार्गाने खालच्या शेतांना जाते. मोट नाही, पंप नाही. पाणी आपली पातळी शोधते, हे एक वाक्य मुले पुस्तकातून पाठ करतात. त्याच वाक्यावर मध्ययुगातील एका स्थपतीने शिवार भिजविले, हे त्यांना कोणी सांगत नाही. मलिक अंबरने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर नेली तिचेही तत्त्व हेच. एक रबरी नळी आणि दोन तांबे घेऊन हे शाळेच्या ओट्यावर करून दाखवावे आणि मग विहिरीवर जावे. उलट क्रमाने गेले तर मुले फक्त दगडी बांधकाम पाहून परततात.

अभ्यासक्रम मागे पडतो, ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकली आहे. तिसरी ते पाचवीच्या विषयाचे नावच मुळी ‘परिसर अभ्यास’ असे आहे. परिसरात गेल्याने परिसराचा अभ्यास मागे पडतो, हा तर्क आम्हांला तरी उमगलेला नाही.

आता राहिली ती जी मुले दिवाळीनंतर जातात त्यांची गोष्ट. आपण आज वैशाखात येथे बसलो आहोत. टोळ्या नुकत्याच परतल्या आहेत. या मुलांनी काय काय पाहिले असेल याचा विचार करा. कृष्णाकाठची माती, साखर कारखान्याची चिमणी, रसाच्या वासाने दरवळणारी रात्र, कोपीच्या दारातून दिसणारे हिवाळ्यातले आभाळ. मृग नक्षत्र संध्याकाळी पूर्वेला उगवते आणि पहाटे पश्चिमेला कलते, हे त्यांना पहाटे फडावर जाणाऱ्या आईबरोबर उठावे लागल्यामुळे ठाऊक असते. याला सहल म्हणणे क्रूरपणाचे होईल. थंडीत, उघड्यावर, धाकट्या भावंडांना सांभाळत काढलेले ते दिवस आहेत, आणि ते संपावेत असेच कोणालाही वाटेल. पण शाळेच्या हजेरीपटात त्या पाच-सहा महिन्यांपुढे नुसते ‘गैरहजर’ लिहिलेले असते आणि जूनमध्ये ही मुले मागच्या रांगेत ‘मागे पडलेली’ म्हणून बसविली जातात.

आमची सूचना अशी, की जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक उघडण्यापूर्वी या मुलांना पुढे बसवावे. तिकडच्या विहिरीचे पाणी किती हातांवर होते? मातीचा रंग कसा? ऊस तोडल्यावर किती वेळात गाळला पाहिजे असे मुकादम म्हणतो, आणि का? बाकीच्यांनी ऐकावे, वहीत लिहावे. मग भाद्रपदात सगळा वर्ग गावच्या विहिरीवर जाईल, तेव्हा तुलना करायला दुसरी एक विहीर त्यांच्याजवळ आधीच असेल.

यंदाच्या घटस्थापनेपूर्वीचा आठवडा जिल्ह्यातल्या ज्या शाळा यासाठी राखून ठेवू इच्छितात, त्यांच्या शिक्षकांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे. लोहचुंबके आम्ही बरोबर आणली आहेत. जुन्या रेडिओची आहेत, पण चालतात.