माळ्यावर सोडलेला पाइप छताबाहेर काढा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलण्याचा मजकूर)



आजचा विषय नाक मुरडायला लावणारा आहे, पण तो घरोघरचा आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी गटाचं कर्ज घेऊन संडास आणि न्हाणीघर घरातच बांधून घेतलं. चांगलं केलं. रात्री-अपरात्री, भर पावसात बाहेर जायचं संपलं. पण वर्षभरात एक तक्रार कानावर येतेच : "ताई, रोज फिनेल टाकते, घासून घासून हात दुखले, तरी वास जात नाही." आणि वास आला की घरात बोलणी कुणाला बसतात? बाईला. "नीट साफ करत नाहीस."

तर पहिली गोष्ट ऐका. पाइपातून येणारा वास घासून जात नाही. तो का येतो ते समजून घेऊ.

संडासाच्या भांड्याखाली वळणाचा भाग असतो आणि न्हाणीत जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. दोन्हींत थोडं पाणी कायम साठून राहतं. हे पाणी म्हणजे दाराला लावलेली कडी. पलीकडे टाकीतला गॅस, अलीकडे आपलं घर. पाणी आहे तोवर गॅस आत येत नाही. पाणी गेलं की कडी निघाली.

आता हे पाणी जातं कुठे? तेलाचा पत्र्याचा डबा आठवा. एकच भोक पाडलं तर तेल गचके खात, ग्लक ग्लक करत पडतं. दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडलं की धार सरळ लागते. कारण तेल बाहेर यायचं तर आत हवा जावी लागते. पाइपाचंही तसंच आहे. संडासात बादलीभर पाणी ओतलं की ते खाली धावतं आणि मागून हवा ओढतं. वरून हवा मिळाली नाही, तर ते शेजारच्या नहाणी ट्रॅपमधून ओढून घेतं. तिथलं पाणी गुडगुडतं, कमी होतं, आणि वास सुरू. डब्याचं ते दुसरं भोक म्हणजेच हवेचा पाइप. कुणी त्याला व्हेंट म्हणतं, कुणी गॅस पाइप.

आता आपल्या घरांत काय होतं ते बोलते. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात संडासाचा एक आणि न्हाणीचा एक असे दोन हवेचे पाइप वर जातात. छताला दोन भोकं पाडायची म्हणजे दोन ठिकाणी गळती, म्हणून कारागीर ते पाइप माळ्यावरच उघडे सोडून देतो. खालून दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. पण त्याच माळ्यावर आपलं बियाणं असतं, कांदे असतात, गोधड्या असतात. कुठे पोरं अभ्यासाला बसतात. टाकीतल्या गॅसमध्ये सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू असतो आणि पेट घेणारा मिथेनही असतो. शिवाय पाइपातली ओलसर वाफ वाशांना आणि पत्र्याला लागत राहते. म्हणून नियम एकच : हवेचा पाइप घरात कुठेही उघडा सोडायचा नाही. माळा हाही घराचाच भाग आहे.

यावर उपाय आहे, आणि त्यासाठी छताला दोन भोकं लागत नाहीत. दोन्ही पाइप माळ्यावर जोडून एकच पाइप बाहेर काढता येतो. काम कारागीरच करील, पण पुढच्या गोष्टी तुम्ही उभं राहून बघा.

पहिली, जोड उंचावर हवा. वॉश बेसिन असेल तर त्याच्या काठापेक्षा किमान अर्धा फूट वर. खाली जोडला आणि उद्या लाइन तुंबली, तर घाण पाणी हवेच्या पाइपात शिरेल. माळ्यावर जोडलं तर ही अडचण येत नाही.

दुसरी, माळ्यावरच्या आडव्या पाइपाला उतार हवा, आणि तो परत खालच्या पाइपाकडे. आतल्या वाफेचं पाणी होतं, ते आलेल्या वाटेने खाली गेलं पाहिजे. पाइप मध्येच झोळीसारखा लोंबला तर तिथे पाणी साठून हवा अडते. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर क्लॅम्प मारायला सांगा.

तिसरी, एकत्र झाल्यावर पुढचा पाइप दोघांतल्या मोठ्या पाइपापेक्षा बारीक नको. तीन इंची आणि दोन इंची जोडले तर पुढे तीन इंचीच.

चौथी, वरचं टोक छताच्या वर, खिडकीपासून लांब, आणि त्यावर जाळीची टोपी. डास आणि उंदीर आत जाता कामा नयेत. सेप्टिक टँकला स्वतःचाही हवेचा पाइप लागतो. टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल, तर तो घराच्या माथ्यापेक्षा साधारण 2 मीटर वर न्यावा.

पाचवी, पावसाच्या पन्हळीचा पाइप किंवा स्वयंपाकघरातल्या पंख्याची नळी यात कधीही जोडू देऊ नका.

एक अपवाद सांगते. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल, तर खड्ड्यांना हवेचा पाइप लागत नाही. तिथला गॅस मातीत जिरतो. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर विचारा, कशासाठी?

काम झालं की शेवटचा हप्ता देण्याआधी परीक्षा घ्या. नहाणी ट्रॅप पाण्याने भरा. एकीला संडासात दोन बादल्या पटापट ओतायला सांगा, दुसरीने बॅटरी धरून ट्रॅपमध्ये बघायचं. पाणी शांत राहिलं तर काम बरोबर. गुडगुडलं किंवा खाली गेलं, तर हवा मिळत नाही, नाहीतर लाइन तुंबलेली आहे. दोन्हींपैकी काय ते कारागिराने शोधायचं, आणि मग पैसे.

न्हाणी बरेच दिवस वापरात नसेल तर ट्रॅपचं पाणी उडून जातं. तेव्हा आधी तांब्याभर पाणी ओतून बघा. कदाचित तेवढ्यानेच वास थांबेल.

आणि हात जोडून सांगते, वास शोधायला काडी पेटवू नका. टाकीचं झाकण उघडून कुणाला आत उतरवू नका, घरच्यालाही नाही आणि मजुरालाही नाही. तो विषारी वायू जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, आणि माणूस क्षणात पडतो. टाकी उपसायची ती गाडी बोलावूनच.

घरी गेलात की आज माळ्यावर चढा, पाइपाचं तोंड कुठे उघडतंय ते बघा. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने सांगायचं, किती घरांत पाइप माळ्यावर सोडलाय. चार-पाच घरं निघाली तर कारागीर एकदाच बोलावू आणि भाव सगळ्यांचा मिळून ठरवू. गट त्याच्यासाठीच आहे.