संकटानंतरचा आधार आणि नोंदणीचा कागद

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



संकट ओसरल्यावर शहरातील गरिबाच्या हाती काय उरते, एवढाच आज माझा विषय आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्याने खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती रोजगार हमी योजना. १९७७ साली तिचा कायदा झाला व १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळ गेला, पण हक्क मागे राहिला. त्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. आम्हा शिक्षकांच्या पगारातून तो आजही कापला जातो. तो मुळात कशासाठी होता, हे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते! परंतु ही हमी खेड्यासाठी होती. शहराची वेस आली की ती संपत असे.

मग २०२० साल आले. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि रोजावर पोट असलेल्यांची चूल दुसऱ्या आठवड्यातच थंडावली. जालन्याहून रुळांच्या कडेने गावाकडे निघालेले सोळा मजूर ८ मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. ते शहरात राबत होते, पण शहराच्या कोणत्याही वहीत त्यांचे नाव नव्हते.

मदत झाली नाही असे मी म्हणणार नाही. रेशनवर माणशी पाच किलो जादा धान्य मिळाले, शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आली. पण रेशनकार्ड गावी आणि माणूस मुंबईत, अशांची वाट बिकट होती. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले, ते कोणाला? नोंदणीकृत बांधकाम कामगारांना, नोंदणीकृत घरकामगारांना, अधिकृत फेरीवाल्यांना, परवानाधारक रिक्षाचालकांना. म्हणजे परवाना ज्याच्या नावे, मदत त्याच्या नावे. दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालविणाऱ्याचे काय? घरी बसून जरीकाम करणाऱ्या आमच्या भगिनींचे काय?

आपल्या समाजाने त्या रमजानमध्ये जकातीतून किराणा वाटला, ही गोष्ट अभिमानाची आहे. तथापि जकात ओळखीच्या दारापर्यंत लवकर पोचते; अनोळखी गल्लीत राहणारा परगावचा माणूस राहून जातो. कायद्याने मिळणाऱ्या हक्काला ओळख लागत नाही. त्याला कागद लागतो.

हा कागद मिळविण्याच्या वाटा आज आहेत. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. आधारशी जोडलेल्या रेशनकार्डावर आता दुसऱ्या गावीही धान्य उचलता येते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. मागील वर्षात नव्वद दिवस काम केलेल्यास मंडळाकडे नाव नोंदविता येते, आणि त्याच्या मुलांना शिक्षणासाठी साहाय्यही मिळते. या सभागृहात असे किती पालक असतील! नुसत्या नोंदणीने पोट भरत नाही, हेही खरे. केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरातल्या मजुरासाठी रोजगार हमी सुरू केली. आपल्या महाराष्ट्राने, ज्याने ही वाट प्रथम दाखविली, ती शहरातही न्यावी, असा आग्रह आपण प्रत्येक निवडणुकीत नगरसेवकांपाशी व आमदारांपाशी का धरू नये?

नव्वद दिवसांच्या दाखल्यावर सही देण्यास ठेकेदार टाळाटाळ करतो, अशी तक्रार पालक करतात. ती रास्त आहे. एकट्याने मागितली तर सही मिळत नाही, दहाजण मिळून गेले तर बहुधा मिळते.

ज्यांची नोंदणी राहिली आहे त्यांनी सभा संपताच बाहेरच्या टेबलापाशी थांबावे. नववी-दहावीची मुले अर्ज भरून देतील. आधारकार्ड, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक सोबत नसल्यास रविवारी सकाळी दहा वाजता शाळेत यावे. मी स्वतः तेथे असेन.