रोज थोडे धावावे



मंडळाच्या वाढदिवशी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी सातवी शिकलेली बाई. अनुभवाचे तेवढे सांगते. विषय आहे धावण्याचा. हसू नका!

आपण म्हणाल, आम्ही दिवसभर धावतोच की! नळाला पाणी आले की धावायचे, दूध उतू चालले की धावायचे. खरे आहे, पण ते धावणे दुसऱ्याच्या हाकेचे. त्यात जीव थाऱ्यावर नसतो. पावसाने ओढ दिली, सोयाबीनचा भाव उतरला, मुलाला नोकरी लागेना, हे विचार भांडी घासतानाही चालूच असतात. काळजीने छाती धडधडते, मान आखडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. संकट आले की पळावे किंवा झुंजावे म्हणून शरीर ही तयारी करिते. आपण ना पळतो, ना झुंजतो. सारे अंगातच साचते. धावले की त्याला वाट मिळते. अंग शिणते, श्वास मोकळा होतो, झोप लागते.

मी वर्षभर आठवड्यातून चार दिवस पहाटे शाळेच्या मैदानावर धावते. त्याने कर्ज फिटले नाही की सासूबाईंचे दुखणे सरले नाही. पण बारीकसारीक गोष्टींवरून मुलांवर ओरडणे कमी झाले. काळजी तीच आहे, ती वाहण्याचे बळ वाढले.

लोक काय म्हणतील, ही मोठी अडचण. बारामतीच्या लताबाई करे साठी ओलांडलेल्या. पतीच्या उपचारांना पैसा हवा म्हणून २०१४ साली ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या आणि नऊवारी लुगड्यात, अनवाणी तीन किलोमीटर धावून पहिल्या आल्या. आपल्याच जिल्ह्याच्या सारिका काळे खो-खोत भारताच्या कर्णधार झाल्या; २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. लेकीने धावलेले आपल्याला आवडते, मग आईने का धावू नये? कोजागिरीला पायी तुळजापूर गाठणाऱ्या आपण. पायांत बळ नाही असे कोणी म्हणू नये.

आता रीत सांगते. पहिल्या दिवशी एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला. असे वीस मिनिटे. शेजारणीशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा. पायांत बूट हवेतच. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर मुळीच जाऊ नका, मैदान बरे. रक्तदाब, साखर, गुडघेदुखी असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. झपझप चालणेही चांगलेच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालणे किंवा ७५ मिनिटे धावण्यासारखा जोराचा व्यायाम सांगते. मात्र कित्येक दिवस मन उदास राहिले, जगणे नकोसे वाटले, तर नुसत्या धावण्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. त्यात लाज कसली?

शेवटी एक मागणे. आपल्यापैकी पाच-सहा जणींनी सोमवारपासून मैदानावर यावे. सोबत असली म्हणजे भीड चेपते. आणि घरच्या मंडळींना विनंती, की त्या अर्ध्या तासात सकाळचा चहा त्यांनी करून घ्यावा. चोवीस तासांतला अर्धा तास बाईने स्वतःसाठी मागितला, तर ते काही फार नव्हे.