‘ड्रॉप झोन’ आणि पाठीवरचा कॉम्प्युटर

(मंडळाच्या चित्रपट-संध्याकाळी, खेळ सुरू होण्यापूर्वी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

पिक्चर सुरू व्हायच्या आत पाच मिनिटं घेतो. समोसे गार होतायत याची कल्पना आहे मला.

आजचा ‘ड्रॉप झोन’ १९९४ चा. दिग्दर्शक जॉन बॅडम, नायक वेस्ली स्नाइप्स आणि संगीत फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या हान्स झिमरचं, म्हणजे तेवढा तरी घरचा! एका हॅकर कैद्याला जंबो जेटमधून नेत असताना गुंड त्याला पळवतात आणि पॅराशूटने पसार होतात. वॉशिंग्टनमधल्या अमली पदार्थविरोधी खात्याची गुप्त माहिती त्यांना हवी असते. मुहूर्त ४ जुलैचा. यातलं हॅकिंग आमच्या धंद्यातल्या लोकांनी मनावर घेऊ नये. उड्या मात्र बघण्यासारख्या आहेत.

मी बोलायला उभा राहिलो त्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडच्या दोन-तीन मुलांनी अठरावं लागताच टँडम उडीचा हट्ट धरलाय, आणि त्या घरांत आई-बाबांशी अबोला आहे. म्हणून जरा खरी गोष्ट सांगतो.

साधारण ४००० मीटरवरून उडी मारली की मिनिटभर माणूस नुसता पडत असतो, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. ‘पॉइंट ब्रेक’मध्ये पडता पडता गप्पा मारतात, ते विसरा; वाऱ्यापुढे काही ऐकू येत नाही. आणि याच वेळी कोणी बेशुद्ध पडला तर?

त्यावरचा उपाय जर्मनीतच निघाला. पाडरबॉर्नजवळच्या बाड वुनेनबर्गच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये ‘सायप्रेस’ नावाचं उपकरण बाजारात आणलं. पाठीवरच्या पिशवीत बसणारा चिमुकला कॉम्प्युटर. हवेच्या दाबावरून उंची आणि वेग सतत मोजत राहतो. नेहमीच्या मॉडेलमध्ये सुमारे २२५ मीटरवरही माणूस त्याच वेगात खाली येत असेल, तर एक बारीक पातं सुटतं, राखीव पॅराशूट बंद ठेवणारा दोरीचा फास कापतं आणि ते उघडतं. टँडमला हीच क्रिया आणखी वर होते. आमच्याकडे सर्व्हर पडला तर रात्री कोणाला तरी उठवतात. इथे उठवायला वेळच नाही.

पण पालकांनो, हेही ऐका. पॅराशूट नीट उघडलेलं असताना जमिनीजवळ जोरात वळण घेतलं की हा कॉम्प्युटर गप्प बसतो, आणि तसे अपघात होतात. तेव्हा ‘जाऊ का?’ यावर भांडण्यापेक्षा, राखीव पॅराशूटची घडी शेवटची कधी घातली, वारा किती असला की उड्या थांबवतात, हे क्लबला विचारा. टाळाटाळ झाली, तर मुलाला घेऊन सरळ परत या.

आणि ती घडी! फ्रँकफुर्टजवळच्या त्सेलहाउझेनची केटे पाउलुस शिवणकाम करणारी. १८९४ मध्ये क्रेफेल्डला तिचा साथीदार तिच्या डोळ्यांदेखत कोसळला. तरी ती उडत राहिली. पॅराशूट घडी करून पिशवीत भरण्याचं श्रेय तिला देतात. एक छत्र हवेतच सोडून दुसरं उघडण्याचा खेळही ती करून दाखवायची. पहिल्या महायुद्धात तिने सैन्यासाठी हजारो पॅराशूटं शिवली.

चला, दिवे मालवा. समोसे पुढच्या रांगेकडून मागे येऊ द्या.