नवे विभागप्रमुख आणि जुने सेवक
(रुग्णालयाच्या कर्मचारी सभेत केलेले भाषण)



नवा व्यवस्थापक रुजू होतो त्या दिवशी पुष्पगुच्छ दिला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून सारे एकमेकांना जोखू लागतात. पुढील दोन-तीन महिन्यांत जी मने दुखावतात ती नंतर वर्षानुवर्षे सांधत नाहीत, आणि त्याची झळ अखेर खाटेवरील रुग्णाला बसते. म्हणून या विषयावर आम्ही आज बोलत आहोत.

कलहाचे मूळ बहुधा क्षुल्लक असते. शहरातून आलेला अधिकारी सकाळची पाळी अर्धा तास अलीकडे आणतो. कागदावर त्यात काही गैर नाही. परंतु कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या मोजक्याच. केळवली, डोलवली, लौजीहून येणाऱ्या आयाबाईंची गाडी पाळीनंतर येत असेल तर त्यांनी करावे काय? जुलैत भातलावणीसाठी रजा मागणारा वॉर्डबॉय कामचुकार नसतो; घरचे वर्षाचे धान्य त्या चार दिवसांवर अवलंबून असते. हे ज्याला ठाऊक नाही त्याला सेवक बेशिस्त वाटतात, आणि सेवकांना तो निर्दय वाटतो.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. कार्यक्षमतेच्या नावाखाली एकेका कामगारावर अधिक यंत्रांचा भार टाकण्यात आला. या व अशा इतर कारणांनी सुमारे दीड लाख कामगारांचा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या. पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ आले: पाळ्यांसारख्या बाबी बदलण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. वीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समितीही असावी लागते, आणि तीत दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान असतात. धर्मादाय संस्थांना ही संहिता कितपत लागू होते, हा प्रश्न आम्ही वकिलांवर सोपवतो. चांगली रीत स्वीकारण्यास सक्ती कशाला हवी?

नव्या विभागप्रमुखांना आमची विनंती अशी, की पहिला महिना ड्युटीच्या तक्त्याला हात लावू नये. मेट्रन आणि ज्येष्ठ सिस्टर यांच्याकडून विभागाची घडी समजून घ्यावी. एक रात्रपाळी सेवकांसमवेत काढावी. द्रुतगती महामार्गावरील अपघाताचे रुग्ण मध्यरात्री येतात तेव्हा कोण किती धावतो, हे दिवसा कळत नाही. आणि रुग्णासमोर कोणालाही रागावू नये.

सेवकांनाही स्पष्ट सांगतो. “आधीच्या साहेबांच्या वेळी असे नव्हते” हे उत्तर नव्हे. जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत वेगळा झालाच पाहिजे. सुई भलत्या डब्यात गेली तर ती सफाई करणाऱ्या आपल्याच भगिनीच्या हाती टोचते. हे सांगणाऱ्या ताई वयाने लहान आहेत म्हणून त्यात अपमान मानू नये.

तक्रार निवारण समितीसाठी सेवकांनी आपले प्रतिनिधी आपसांत निवडावेत. नावे आम्ही सुचविणार नाही. बैठक दुपारी पाळी बदलताना होईल, म्हणजे दोन्ही पाळ्यांना येता येईल, आणि खोपोलीची गाडीही कोणाची चुकणार नाही.