फुलं नकोत, हिशोब द्या
(युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कविता मी पाळी सुटल्यावर लिहितो. पोटासाठी गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. नर्सेसच्या प्रश्नावर हा हमाल काय बोलणार, असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. मी वजनाबद्दल बोलणार आहे, आणि वजन मला कळतं.

आमच्या पाठीला एक आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1967 साली शिफारस केली की पुरुषाने एका वेळी 55 किलोच्या वर उचलू नये. पाळतात का, ते सोडा. पण आकडा आहे. मुकादमाच्या तोंडावर फेकता येतो. आणि पोतं खाली टाकलं की वजन संपतं.

नर्सच्या वजनालाही आकडा आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं माप असं की डॉक्टर शिकतात त्या मोठ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागं एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचांमागं एक. माझी थोरली बहीण एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळीला तिच्या एकटीकडं बावीस खाटा. सलाईन, इंजेक्शनं, केसपेपर, नातेवाइकांच्या शिव्या, डॉक्टरचे फोन. पहाटे एक पेशंट जातो. त्याला बांधून खाली पाठवायचं आणि त्याच हाताने शेजारच्याचा ताप बघायचा. हे पोतं खाली टाकता येत नाही. ते तिच्यासोबत घरी येतं. ताई कुणाशी बोलत नाही. भिंतीकडं तोंड करून पडते. आई म्हणते, पोरीला कुणाची तरी नजर लागली.

नजर नाही लागली. हिशोब चुकवलाय. जर्मनीच्या योहानेस झीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने 1996 मध्ये हाच हिशोब मांडला. एका पारड्यात कष्ट, दुसऱ्यात मोबदला. मोबदला म्हणजे नुसता पगार नाही. मान, बढती, नोकरीची शाश्वतीसुद्धा. वर्षानुवर्षं कष्ट जड आणि मोबदला हलका राहिला की माणूस आजारी पडतो. याच जळून जाण्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची नोंद केली ती रोग म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. म्हणजे दोष ताईच्या मनात नाही, वॉर्डात आहे.

आणि एकटी नर्सच जळते असं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास 2002 साली छापून आला. ऑपरेशन झालेले पेशंट त्यांनी तपासले. नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला, की ती जळून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढते आणि पेशंट महिन्याभरात दगावण्याची 7 टक्क्यांनी. सरकारी वॉर्डात खाट मिळत नाही म्हणून फरशीवर गादी टाकून पडलेला पेशंट कोणत्या वस्तीतून आलेला असतो, हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

बरं, मोबदला काय दिला? 22 मार्च 2020 ला थाळ्या बडवल्या. 3 मे 2020 ला हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. त्याच दिवसांत किती जणींना धड पीपीई किट मिळत नव्हतं. लाट ओसरली तशा ठेक्यावर घेतलेल्या कित्येकजणी घरी. फुलं शिजवून खाता येत नाहीत, मित्रहो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सांगितलं की 200 च्या वर खाटांच्या खासगी हॉस्पिटलाने नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्यावा, आणि अगदी 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना 20,000 च्या खाली देऊ नये. ताईच्या हॉस्पिटलात खाटा 200 च्या वर. पगार सरकारीच्या निम्मा. मागायला गेली की साहेब म्हणतो, सिस्टर, ही सेवा आहे.

सेवा! हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्या बापजाद्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली, तीही सेवाच होती. ज्या कामाचे पैसे बुडवायचे त्याला सेवा म्हणायचं. घाणीला हात लावणाऱ्या माणसाला एक तर विटाळ म्हणायचं, नाहीतर देवी. दोन्हीकडून पैसे वाचतात.

कुणी सावित्रीमाईंचं नाव घेईल. माई 1897 च्या प्लेगात पेशंटची सेवा करता करता गेल्या, खरं आहे. पण तो दवाखाना त्यांच्या यशवंताचा होता. त्यांच्या घामावर कुणी शेटजी माड्या चढवत नव्हता. माईंच्या नावाने मालकाचा गल्ला भरू नका.

आता एक कडू गोष्ट. नर्सवरचा भार तिथंच थांबत नाही, खाली सरकतो. बेडपॅन मावशीकडं, फरशीवरचं रक्त सफाईवाल्याकडं. त्यांची आडनावं वाचा. पगार ठेकेदाराच्या हातात, रजा त्याच्या मर्जीवर. वर जावं तसा मान, खाली यावं तशी घाण. बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिलं की जात कामाची वाटणी करत नाही, कामगारांचीच करते. वॉर्डात येऊन बघा, पटेल. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेस ठेक्याच्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या. बरोबरच केलं. पण ठेका मावशीच्या मानेवर त्याच्या कितीतरी आधी बसला होता. नर्सची युनियन मावशीला बाजूला बसवून लढली, तर मालक दोघींना वेगवेगळं गाठेल.

संप झाला की पहिला सवाल येतो, पेशंटचं काय? तोच सवाल बावीस खाटांना एक नर्स लावणाऱ्याला का विचारत नाहीत?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. आपल्यापैकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी हॉस्पिटलात असतंच. तिथं गेलात की नर्सवर आवाज चढवण्याआधी खाटा मोजा. पाळीवर नर्सेस किती, मावश्या किती, ते लिहून घ्या. तो कागद घेऊन वरच्या मजल्यावर जा, साहेबाच्या टेबलावर ठेवा, आणि एक प्रत वस्तीच्या फळ्यावर लावा. ओरडायचं असेल तर तिथं ओरडा. गोदीत आम्हाला आकडा फुकट मिळाला नाही. वॉर्डातही मिळणार नाही.

जय भीम.